आधी विसावा, मग नेम

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की पुरवण्यांमध्ये चातुर्मासाच्या नेमांच्या याद्या छापून येतात. कांदा-लसूण सोडा, एकभुक्त राहा, पहाटे उठून जप करा, पिंपळाला प्रदक्षिणा घाला. याद्यांबद्दल तक्रार नाही. पण रोज किती मिनिटे लागणार आणि ती घरातल्या कोणाच्या कुठल्या वेळातून काढायची, एवढे एक त्यांत कधी नसते. मग आषाढीला उत्साहाने धरलेला नेम नागपंचमीपर्यंत लंगडू लागतो आणि गौरी-गणपतीच्या धांदलीत सुटतो. सोडणारा माणूस खजील होऊन म्हणतो, आपलीच श्रद्धा कमी पडली. उपनगरांतल्या हरिपाठ मंडळांमध्ये आमची ऊठबस आहे, तिथे हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. श्रद्धेचा त्यात फारसा दोष नसतो, हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब मांडण्यासाठी हे पत्र.

बदलापूरहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्याचा दिवस घ्या. घराच्या उंबऱ्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत चालणे, रिक्षा, लोकल धरून एका बाजूला दोन तास. जाऊन-येऊन चार, ऑफिसचे नऊ, झाले तेरा. झोपेला सात तास हवेतच. उरले चार. त्यात अंघोळ, दोन वेळचे खाणे, मुलांचा अभ्यास, पाणी भरणे, औषधे, सोसायटीच्या भानगडी. या चारांतून देवासाठी वीस मिनिटे निघतात. ताणून पंचवीस. तासभर निघत नाही, आणि निघतो असे जो म्हणतो तो झोपेतून चोरतो.

पहाटेच्या नेमात ही चोरी सगळ्यात जास्त होते. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा वेळ. सव्वासहाचा सूर्योदय धरला तर ४ वाजून ३९ मिनिटे ते ५ वाजून २७ मिनिटे. नऊला निजणाऱ्या गावात हा वेळ खरोखर सोन्यासारखा होता, कारण साडेचारपर्यंत साडेसात तास झोप झालेली असे. रात्री साडेदहाला घरी पोचून बाराला अंथरुणावर पडणाऱ्याला तीच पहाट साडेचार तासांच्या झोपेवर गाठावी लागते. पहिले आठ-दहा दिवस उत्साहावर निघतात. मग लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या, दुपारी ऑफिसात चिडचिड, घरी मुलांवर आवाज. देवासाठी उठलेला माणूस घरादाराला नकोसा होतो. अशाने पहाटेचे पुण्य करण्यापेक्षा साडेसहाला उठून अंघोळीनंतर वीस मिनिटे बसावे. घड्याळातली पहाट गेली तरी चालेल, झोपेनंतरची पहिली वीस मिनिटे हातची जाऊ देऊ नयेत.

आता या वीस मिनिटांत काय बसते ते पाहू. जपाची माळ १०८ मण्यांची. तेरा अक्षरी राममंत्र स्पष्ट म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे एका माळेला साडेपाच मिनिटांच्या आसपास. आवेशात अकरा माळांचा संकल्प सोडणाऱ्याने रोजचा एक तास लिहून दिला, हे त्याला चौथ्या दिवशी कळते. मग वेग वाढतो, अक्षरे एकमेकांत घुसतात, तर्जनी लावू नये असे सांगितलेले असताना तीच मणी ढकलू लागते, मेरुमणी कधी ओलांडला ते समजत नाही. तीन माळा शांतपणे केल्या तर सोळा-सतरा मिनिटे लागतात आणि शेवटी दोन-तीन मिनिटे नुसते बसायला उरतात. त्या उरलेल्या मिनिटांना कमी लेखू नये. मन थाऱ्यावर येते ते तिथेच.

हरिपाठाचेही तसेच. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग सत्तावीस. टाळ-मृदंगावर चालीत म्हटले तर अर्धा तास, आणि रूपाचा अभंग, आरती, पसायदान धरले तर पाऊण तास सहज जातो. मंडळात आठवड्यातून एकदा हे जमते. घरी एकट्याने रोज सत्तावीस म्हणायचे ठरवले की पहिले दहा सावकाश आणि उरलेले धावत, असा प्रकार होतो. त्यापेक्षा रोज चार अभंग घ्यावेत. सहा दिवसांत चोवीस होतात, सातव्या दिवशी तीन राहतात. आठवड्याला एक आवर्तन पुरे. चारच अभंग असले की एखाद्या ओळीवर थांबता येते, अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी मंडळातल्या जाणत्याला विचारता येतो.

वेळ मोजायला मोबाईल जवळ ठेवू नये. टायमर लावायला म्हणून हातात घेतलेल्या फोनवर तीन निरोप दिसतात आणि बसण्याआधीच माणूस उठलेला असतो. त्यासाठी देवघरात आधीपासून एक घड्याळ आहे: निरांजन. फुलवात अर्धा चमचा तुपात भिजवून लावली की साधारण वीस-पंचवीस मिनिटे तेवते. वात जाड-बारीक, तूप पातळ-घट्ट असेल तसा फरक पडतो, म्हणून एकदा घड्याळ लावून आपल्या घरची वात किती वेळ चालते ते पाहून ठेवावे. मग रोज तेवढेच तूप. वात शांत होईपर्यंत जागचे हलायचे नाही आणि दाराची बेल घरातल्या दुसऱ्या कोणी पाहायची. यात आणखी एक फायदा आहे. तेलाने काठोकाठ भरलेली समई पडद्याशेजारी पेटती ठेवून घाईघाईने कुलूप लावून जाणारी घरे कमी नाहीत. मोजक्या तुपाचे निरांजन आपण उठायच्या आत विझलेले असते.

बसायचे माप ठरवून देण्याची ही रीत जैनांनी फार काटेकोर पाळली आहे. सामायिक म्हणजे दोन घटिका, नेमकी ४८ मिनिटे, एका जागी समभावाने बसणे. कित्येक घरांत त्यासाठी वाळूचे घड्याळ असते. वाळू सरेपर्यंत उठणे नाही आणि वाळू सरल्यावर ताणणेही नाही. बसण्याला शेवट असला की बसायची भीती वाटत नाही.

पूजेबाबत थोडक्यात सांगतो. रोज षोडशोपचार करायची गरज नाही. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार रोजच्याला पुरतात; सोळा सणावाराला करावेत. नैवेद्याला वाटीभर दूध-साखर चालते. वेळ खातात त्या मूर्ती आणि तसबिरी. लग्नात आलेल्या, यात्रेतून आणलेल्या, जुन्या कॅलेंडरवरून कापलेल्या. पाच देव पुसायला पाच मिनिटे लागतात, पंचवीस देव पुसायला पंचवीस, आणि त्या दिवसाची सगळी उपासना फडक्यातच संपते. पूजेतले पाच-सात ठेवून बाकीचे नीट गुंडाळून कपाटात ठेवले तर कोणी रागावत नाही.

नेम मोडतो कसा, तेही सांगायला हवे, कारण तो एका दिवसात मोडत नाही. एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी माणूस दुप्पट करायचे ठरवतो; तेवढा वेळ नसतो म्हणून तोही दिवस जातो. तिसऱ्या दिवशी तिप्पट बाकी. पतपेढीच्या थकलेल्या हप्त्यासारखे व्याज चढत जाते आणि एका आठवड्यात खाते बुडीत निघते. म्हणून नेम धरतानाच दोन गोष्टी ठरवाव्यात. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, आणि आठवड्याचा एक दिवस मुळातच मोकळा धरायचा. चातुर्मास साधारण ११८ दिवसांचा, अधिकमास आत आला तर महिन्याने मोठा. रोजच्या वीस मिनिटांनी ११८ दिवसांचे ३९ तास होतात. मोकळे दिवस आणि चुकलेले दिवस वजा करा, तरी तीस तास उरतात. वर्षभरात तीस तास देवापुढे शांत बसलेली माणसे आपल्या ओळखीत किती निघतील? शिवाय नेमाला उद्यापन असते, हे लक्षात ठेवावे. कार्तिकीला संपणारा नेम धरावा. जन्मभराचा धरला की पहिल्याच अडचणीत तो डोंगर वाटतो.

आता विश्रांतीकडे वळतो, आणि इथे आमचा खरा मुद्दा आहे. विसावा मिळाल्याखेरीज नेम टिकत नाही, पण आपल्याकडे नेमाचे कौतुक आणि विसाव्याची लाज. पुण्याच्या एक ते चारची थट्टा करून पोट भरत नाही अजून लोकांचे. वास्तविक दुपारच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे डाव्या कुशीवर पडणे, ज्याला आपण वामकुक्षी म्हणतो, ही थट्टेची गोष्ट नाही. तासभर ओढले तर अंग जड होते, म्हणून वीस मिनिटांवर उठायचे, इतकेच.

वारीकडे पाहा. पायी चालण्याचे व्रत म्हणून आपण तिचे गोडवे गातो. पण पालखीच्या छापील वेळापत्रकात ‘विसावा’ हा शब्द मुक्कामाच्या बरोबरीने येतो. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, पुन्हा विसावा, मग मुक्काम. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाणारा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा, वाटेतला सर्वांत मोठा. तो झाला की सासवडलाही दोन रात्री मुक्काम. मोठ्या टप्प्यानंतर मोठी विश्रांती, हे गणित ज्यांनी बसवले त्यांना माणसाचे पाय माहीत होते. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. गजर कधी करायचा आणि कधी थांबायचे, हे दोन्ही तिथे शिस्तीत बसवलेले आहे.

शेतकऱ्याच्या घरात बैलालाही हा हिशेब लागू होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू घासून बैलाच्या मानेमागचा खांदा निबर झालेला असतो, कधी सोललेला असतो. त्यावर तूप किंवा लोणी आणि हळद हाताने चोळून जिरवतात, शेकतात, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानात देतात. दुसऱ्या दिवशी मानेवर जू चढत नाही. कित्येक गावांत सोमवारी औत धरत नसत, कुठे अमावास्येला. देवाचा वार आणि बैलाची सुट्टी एकच, त्यामुळे मालकाला लोभ झाला तरी औत जुंपायला तो धजत नसे. सुट्टी माणसाच्या मर्जीवर सोडली की ती जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

चुलीलाही सुट्टी होती. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही. आदल्या रात्री सगळे रांधून ठेवायचे, चूल सारवायची, तिची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी गार खायचे. त्यातली मेख आदल्या रात्रीत आहे. विश्रांतीच्या दिवसाची सगळी कामे आदल्या दिवशी संपतात, तरच तो दिवस विश्रांतीचा राहतो.

कोकणातल्या बेने इस्रायलींनी हीच गोष्ट दर आठवड्याला पाळली. अलिबागच्या आसपास, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, घाण्यावर तेल गाळणारी ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी. शनिवारी त्यांचा घाणा बंद. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना नावच दिले, शनवार तेली.  शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवा लावून सुरू होतो, त्यानंतर विस्तव पेटवायचा नाही. म्हणजे शनिवारचे जेवण शुक्रवारी दुपारपर्यंत तयार हवे. त्यात टाळाटाळीला वाव नाही, कारण सूर्य कोणासाठी थांबत नाही.

आणि आपला रविवार? तो आपल्याला पंचांगातून मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजुराला आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा उभी केली. त्यांच्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियांनी तिथे भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तो देवासाठी मोकळा हवा, हेही या मागणीमागचे कारण म्हणून सांगितले जाते. सहा वर्षे भांडून मिळवलेला हा वार आज दळण, इस्त्री आणि मॉल यांत जातो.

रविवार वाचवायचा तर अख्खा वाचवायला जाऊ नये, तो वाचत नाही. सलग चार तास धरावेत. दुपारी तीन ते सात हा वेळ बहुतेक घरांना सोयीचा पडतो, कारण बारसे, साखरपुडा, सोसायटीची सभा सकाळी उरकलेली असते. त्यासाठी कामे आधी हलवावी लागतात. दळण बुधवारी संध्याकाळी, रविवारी गिरणीत रांग असतेच. इस्त्रीचे कपडे गुरुवारी. आठवड्याची भाजी शनिवारी रात्री आणून तेव्हाच निवडायची. घरातल्या तिघांनी मिळून बसले तर मेथीच्या दोन जुड्या आणि पाव किलो गवार पाऊण तासात होते, एकटीने बसले तर दीड तास. रविवारी रात्रीला खिचडी किंवा सकाळचीच आमटी. या चार तासांत कोणाला काय करायचे ते करू द्यावे: पोथी वाचा, देवळात जा, निजा, खिडकीत बसा. उपयोगी काही करायचे नाही, एवढी एकच अट. पहिले तीन रविवार लोकांना अस्वस्थ वाटते, हात फोनकडे जातात, चौथ्या रविवारी सवय होते. ऑफिसचे निरोप बघायचे नसतील तर ते शनिवारीच कळवून ठेवावे. रविवारी अचानक गप्प झालेल्या माणसाला सोमवारी स्पष्टीकरण द्यावे लागते, आधी सांगितलेल्याला लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, छापताना गाळू नये ही विनंती. बहुतेक घरांत श्रद्धेचा वेळ पुरुषाचा आणि श्रद्धेचे काम बाईचे. एकादशीच्या दिवशी घरात दोघांचा उपास, मुलांचे रोजचे जेवण, म्हाताऱ्यांचे पथ्याचे. एका ओट्यावर तीन स्वयंपाक. साबुदाणा रात्री भिजवायचा, दाण्याचे कूट करायचे, वरईचा भात, आमटी, बटाट्याची भाजी. साध्या वरण-भात-पोळीपेक्षा उपासाला दुप्पट वेळ लागत असेल तर त्याला उपास कसे म्हणावे? ज्यांना झेपते त्यांनी फळे, दूध, ताक, उकडलेले रताळे एवढ्यावर दिवस काढावा. ओटा त्या दिवशी लवकर पुसून कोरडा झाला की एकादशी झाली असे समजावे. तीच गोष्ट घरकाम करणाऱ्या मावशींची. सणाच्या दिवसांत आपल्या घरी पाहुणे, त्यांच्या वाट्याला भांड्यांचा दुप्पट ढीग, आणि त्यांच्या घरच्या गौरी रात्री दहानंतर. गौरीजेवणाच्या दिवशी सुट्टी आणि आठवड्याला एक खाडा पगार न कापता, हे ज्या घरात होत नाही तिथल्या सत्यनारायणाबद्दल आम्हाला फारसे काही वाटत नाही.

उपासाचे धोके दोनच सांगतो. साखरेसाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता निर्जळी किंवा दिवसभराचा उपास धरू नये. गोळी घेतली आणि खाल्ले नाही तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. उपास मोडला म्हणून हळहळू नये. दुसरा धोका भगरीच्या सुट्या पिठाचा. दमट हवेत त्यात बुरशी धरते आणि नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच पिठाच्या. अखंड भगर आणून, निवडून, धुऊन घरी दळावी, आणि लागेल तेवढीच.

पाळीत काम करणाऱ्यांचे प्रकरण वेगळे. परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक-वाहक, सुरक्षारक्षक यांची गर्दी आपल्या सणातच असते. आपण दर्शनाला जातो ते त्यांच्या जादा पाळीवर. रात्रपाळीहून सकाळी आठला घरी आलेल्याला सूर्योदयाचा नेम सांगणे व्यर्थ आहे. त्याने नेम घड्याळाला बांधू नये, क्रियेला बांधावा: झोपून उठल्यावर, अंघोळीनंतर, गणवेश चढवण्याआधी. पाळी बदलली तरी हा क्रम बदलत नाही. ज्या दिवशी तेही होत नाही त्या दिवशी मानसपूजा आहे, शास्त्रानेच दिलेली. लोकलमध्ये माळ ओढणाऱ्यांनाही आम्ही नावे ठेवत नाही. फक्त गाडीतला जप विश्रांती म्हणून मोजू नये, आणि टाळ वाजवताना शेजारी रात्रपाळीहून परतलेला कोणी डोळे मिटून बसला आहे का, ते पाहावे.

हे सगळे हिंदू घरापुरते नाही. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो, आणि त्या तीन महिन्यांत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. साडेसातला सुरू होणारे वाचन गाठायचे तर ऑफिसातून वेळेवर सुटावे लागते. मुसलमानांच्या शुक्रवारच्या जुम्म्याला वजू म्हणजे हातपाय धुणे, चालणे, खुतबा म्हणजे प्रवचन आणि नमाज धरून पाऊण ते एक तास पुरतो. जेवणाची सुट्टी त्या दिवशी अर्धा तास पुढे-मागे केली की भागते, पण ते दर आठवड्याला तोंडी मागावे लागू नये, पाळीच्या तक्त्यातच लिहिलेले असावे. वसईच्या ख्रिस्ती घरांत रविवारी ड्युटी असलेल्यांसाठी शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. चर्चने काढलेली ही वाट शहाणपणाची आहे. न्यू जर्सीपासून लंडनपर्यंतची महाराष्ट्र मंडळे पाडवा जवळच्या शनिवारी करतातच की.

आता कायद्याचा एक मुद्दा, जो नोकरदारांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला हात लावताना सलग दहा दिवसांहून अधिक काम घ्यायचे नाही आणि बुडालेली सुट्टी त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची, अशी रीत घालून दिली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग चोवीस तासांच्या साप्ताहिक सुट्टीखेरीज सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायचे. प्रत्यक्षात डिसेंबरअखेर मनुष्यबळ विभागाची यादी मेलवर येते, कोणी उघडत नाही, आणि आषाढीच्या आदल्या दिवशी सगळे आजारी पडतात. ईद, महापरिनिर्वाण दिन, आषाढी, नाताळ, पर्युषणाचा शेवटचा दिवस, यांपैकी आपल्या कचेरीत कोणाला काय हवे, हे नोव्हेंबरात चार-पाच जणांनी बसून लिहून दिले तर ती यादी बदलू शकते. मुदत उलटून गेल्यावर ती मेहेरबानी होते. एकाची सुट्टी दुसऱ्याने भरून काढायची असेल तर तेही तेव्हाच ठरते: दिवाळीत तू, ईदला मी. रुग्णालयांत आणि आगारांत हा व्यवहार वर्षानुवर्षे तोंडी चालतो आणि चांगला चालतो. त्यात एकच अडचण येते, पाळी लावणारा साहेब बदलला की तोंडी ठरलेले विसरले जाते. म्हणून तक्त्यावर नाव आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आपल्या दैनिकाकडे यासाठी एक मागणे आहे. पुढच्या वर्षीचे मुख्य सण कोणत्या वारी येतात, त्यांतले किती रविवारी बुडतात आणि कोणते शुक्रवार-सोमवारला जोडून येतात, याची एक चौकट आपण जानेवारीच्या दिनदर्शिकेबरोबर देता. ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापावी. सर्व धर्मांचे सण एकाच चौकटीत असावेत, म्हणजे ती कापून कचेरीतल्या फळ्यावर लावता येईल आणि यादी पक्की होण्याआधी अर्ज करता येईल.

आपले,
उपनगरातील एका हरिपाठ मंडळाचे सभासद